सोळा अन् अठ्ठावीस

...अन् वरतून मलेच म्हनते, "तुमी मानूस हायत का म्हैस हायत?" म्हैस! लग्नाले एकवीस वर्सं झाले राजेहो, बायकोनं नवऱ्याले काय म्हनावं अन् काय नाई, याची काई हद्द असते का नसते? अन् म्हैस काहून, तं म्हैस डबक्यात बसते अन् मले थंड्या खोलीत झोपाव वाटते म्हनून. अरे, वाटते तं वाटते ना. मे महिन्यात अकोल्यात ज्याले थंडं पडून राहाव वाटत नाई त्याले दवाखान्यात दाखवा, त्याच्यात काईतरी बिघडलं हाये. बाहेर सेहेचाळीस. डांबर चपलेले चिपकून राहिलं. नळाले पानी असं येते का त्यात पत्ती-साखर टाका अन् प्या. अन् घरात माही बायको, शालू, अंगावर गोधडी घेऊन, पायात मोजे घालून, कानाले रुमाल बांधून, मले म्हैस म्हनून राहिली. म्या काय मांगितलं होतं तिले? मले झोप पायजे, बाकी काई नाई पायजे. एवढंच म्हटलं होतं म्या.

आता तुमाले सांगतो, माही झोप तुमच्या झोपेसारकी नाई. तुमी रात्री दहाले पडता, सकाळी सातले उठता, मधात दोन खेपा कुशी बदलता, अन् उठून म्हनता, झोपच नाई झाली बावा. माह्या धंदा भाजीचा. मी, देवमन, वीस वर्सांपासून ठोक बजारात माल घेतो अन् जठारपेठेतल्या गाडेवाल्याइले देतो. रात्री तीनले उठतो. चारले हर्रास सुरू होते, हर्रास म्हनजे लिलाव, पुन्यामुंबईचं कोनी असन तं त्याइच्यासाठी सांगून ठेवतो. अकराले घरी येतो, आंघोळ करतो, भाकर खातो, अन् बारा ते चार झोपतो. दुपारी बारा ते चार! अकोल्यात! मे महिन्यात! ज्या वक्ती देवाचं ऊन डोक्यावर उभं राह्यते, चिमनी बी पत्र्यावर बसत नाई, नेमकी त्याच वक्ती मले झोप लागते. हे काई माह्या शौक नाई, माह्या धंदा हाये. ते चार घंटे गेले का माह्या दिवस गेला, रात गेली, अन् डोकं तं पयलेच गेलं.

आत्ता आत्तापरेंत आमच्या घरी कूलर होता. लोखंडी, मोठा, खिडकीत बसवलेला, वाळ्याच्या ताट्या लावलेला. मोटर सुरू केली का सारं घर वाळ्याच्या वासानं भरून जाये. अन् एकवीस वर्सात त्या कूलरवरून आमचं भांडन झालं नाई. झालं तं एवढंच का, ती म्हने, "पानी बंद करा वो, दमट झालं," मी म्हनो, "राहू दे वं," मंग ती उठून मोटर बंद करे, अन् अर्ध्या घंट्यानं मी उठून सुरू करो. ना ती काई बोले, ना मी. काहून नाई झालं भांडन? कारन कूलरले आकडा नव्हता. खटका होता. वर केला का सुरू, खाली केला का बंद. कूलर तुमाले विचारत नाई का साहेब, किती पायजे. ज्या दिवशी आमच्या घरात आकडा आला, त्या दिवशी घराचा बजार झाला राजेहो.

झालं असं, का औंदा मार्चातच तपन सुरू झाली. कूलर गरम हवा फेकून राहिला. खुशी म्हने, खुशी म्हनजे आमची पोरगी, अमरावतीले नर्सिंग शिकते, ती फोनवर म्हने, "बाबा, तुमाले झोप नाई, आईले झोप नाई, एक ए.सी. घेऊन टाका ना." घेतला. एप्रिल सरता सरता मिस्तरी आला, भिंतीले भोक पाडलं, डबा टांगला, रिमोट माह्या हातात देल्ला अन् म्हने, "सोळा ते तीस. खाली थंड, वर गरम. चहा असन तं सांगा." चहा पेला अन् गेला. भांडन लावून गेला म्हना.

शालूनं विचारलं, "किती ठेवता?"

म्या म्हटलं, "सोळा."

अस्सं. पटकन. तिनं रिमोट माह्या हातातून घेतला. मंग म्हने, "सोळा? कुल्फी जमवता काय? अठ्ठावीस ठेवा."

अठ्ठावीस! अवं, अठ्ठावीस तं घडवंचीवरच्या माठाखाली बी असन. अठ्ठावीसच ठेवाचं होतं तं भिंत कायले फोडली? म्या म्हटलं, सोळा. ती म्हने, अठ्ठावीस. म्या म्हटलं, सोळा म्हनजे सोळा. ती म्हने, अठ्ठावीसच्या खाली एक नाई. अन् ही काई साधीसुधी बाई नाई बरं का, मोर्शीची हाये, संत्र्याच्या बगीच्यातली. हिच्या बापानं, किसनरावनं, आयुष्यभर झाडावरचा बहार व्यापाऱ्याइले विकला, अन् ही लहानपनी बापाच्या मांडीवर बसून ते सौदे ऐकत मोठी झाली. ही कुठं हालते?

पयल्या दुपारी मी सोळावर झोपलो. झोपलो म्हनजे पडलो. खरं सांगू? दात वाजत होते माहे. अंगात बनियान, अन् वाऱ्याचा झोत सरळ टकलावर. पन म्या हूं का चूं केलं नाई. काहून का शालू गोधडीतून एक डोळा काढून पाहून राहिली होती, हा मानूस चादर घेते का नाई म्हनून. चादर घेतली का संपलं, मानूस खलास. नाई घेतली म्या. पाय पोटात घेतले, हात काखेत घेतले, अन् तोंडावर असं दाखवलं का आहाहा, काय मस्त वाटून राहिलं. एक वाजता लघवीले उठलो, वापस आलो तं भिंतीवर अठ्ठावीस! अन् ही गोधडीत, डोळे मिटून, साधूसारकी. आता अठ्ठावीसात गोधडी घेतली तं काय होईन? कपाळावर घामाचे थेंब. म्या म्हटलं, "घाम आला तुले." म्हने, "घाम नाई, क्रीम हाये." क्रीम म्हने! क्रीम कानामागून वाहते काय?

अन् तिचे पाय. आता बाईमानसाले थंडी वाजते, कबूल हाये आपल्याले. पन थंडी वाजते तं पाय मोज्यात ठेव ना. ते माह्या पोटरीले काहून लावते? मोजे काढून लावते बरं, मुद्दाम. माठाच्या बुडासारके थंडे पाय. मी दचकून उठतो, म्हनतो, "काय करून राहिली वं?" तं म्हने, "तुमचं अंग गरम हाये." आता तुमीच सांगा लेकहो, माह्यं अंग गरम हाये हे तिले माहीत हाये, तिनं पायानं तपासलं हाये, मंग मी सोळा म्हनतो तं काय चुकीचं म्हनतो? मले झोप पायजे, बाकी काई नाई पायजे. म्या काय हिमालय मांगितला?

मंग रिमोटची पळवापळवी सुरू झाली. रोज नवी जागा. उशीखाली, ज्वारीच्या कोठीत, देवघरात गनपतीच्या मागं. गनपतीच्या मागं रिमोट सापडला तं म्या बी हात जोडून घेतला, अन् गनपतीले म्हटलं, देवा, तू तरी खरं सांग, तुले किती पायजे? एक दिवस तं चार खोल्या धुंडल्या, शेवटी मसाल्याच्या डब्यात भेटला, हळदीनं पिवळा धम्म. पुसला, झटकला, पन बटनांच्या भेगीत हळद बसली ते बसलीच. तवापासून सोळा दाबलं का माह्यं बोट पिवळं, अठ्ठावीस दाबलं का तिचं बोट पिवळं. दुपारी चारले उठलो का आमी पयले एकमेकाचे बोटं पाहतो. चहा मंग.

एक दिवस शेजारच्या मानिकबाई विरजन मांगाले आल्या. भर दुपारी दोन वाजता, डोक्यावर ओला पदर, तोंड लाल. शालूनं दार उघडलं. अंगात स्वेटर. कानाले रुमाल. पायात मोजे. मानिकबाई घाबरल्या, म्हने, "अगं बाई, मलेरिया झाला काय वं तुले?"

तं ही म्हने, "मलेरिया नाई बाई, नवरा हाये."

साऱ्या गल्लीत झालं ते. दुसऱ्या दिवशी गाडेवाले मले विचारून राहिले, देवमनभाऊ, घरी बर्फाचा कारखाना टाकला काय. अन् हासून राहिले. हासा, हासा. तुमी कूलरवाले हायत म्हनून हासता. तुमच्या घरात आकडा येऊ द्या एक डाव.

मंग म्या खुशीले फोन लावला. म्हटलं, बाई, तू शिकून राहिली ना, सांग बरं, कोनाचं बरोबर हाये? तुह्या बापाचं का तुह्या मायचं? मले वाटलं पोरगी बापाकडून बोलन. तं ती म्हने, "बाबा, दोघाइचं बी बरोबर हाये. बहुतेक बाईमानसाचे हातपाय लवकर थंडे पडतेत, अन् मानसाच्या अंगात गरमी जास्त तयार होते, म्हनून एकाच खोलीत एकाले गरम होते अन् दुसऱ्याले थंडी वाजते. हे नॉर्मल हाये बाबा." नॉर्मल म्हने. म्या म्हटलं, "मंग यावर औषध काय?" म्हने, "समजून घ्याचं." घ्या! चार वर्सं शिकाले लागतेत याच्यासाठी.

फोन ठेवला अन् मले जो राग आला राजेहो. अरे, दोघाइच्या अंगात हे येवढं वेगळं हाये तं लग्नाच्या आधी कोनी काहून नाई सांगितलं? आमच्या वक्ती पोरगी पाहाले आठ जन गेलो होतो. नाडी पाह्यली, गोत्र पाह्यलं, पोरीले चालून दाखव म्हटलं, सुईत दोरा ओव म्हटलं, पोहे कोनी केले ते विचारलं. येवढ्या आठ जनात एका मानसाले सुचलं नाई का पोरीच्या पायाले हात लावून पाहाव, थंडे हायत का गरम हायत? पत्रिका पाह्यली तं गुरुजी म्हने, "छत्तीसपैकी अठ्ठावीस गुन जुळते, उत्तम." आमी खुश. आता एकवीस वर्सांनी समजून राहिलं मले, ते अठ्ठावीस कशाचे होते.

बरं, भांडनाचं एक ठीक हाये, मानूस भांडते अन् जगते. पन झोपेचं काय? एक महिना गेला. डोळ्याखाली काळं आलं. भाकर खाता खाता मुंडी ताटात जाये. अन् नवतपा, म्हनजे उन्हाळ्यातले लय तपनारे नऊ दिवस, लागला त्या दिवशी, पाहाटे चार-साडेचारची गोठ, हर्राशीत मी पत्तागोबीच्या पोत्याले टेकून उभा होतो. आमच्या हर्राशीचा रिवाज तुमाले सांगून ठेवतो. तिथं व्यापारी तोंडानं बोलत नाई. बोलनारा भाव पुकारते, अन् ज्याले घ्याचं असन तो मुंडी हालवते. मुंडी खाली गेली का बोली झाली. जुना रिवाज हाये, आमच्या आधीपासूनचा. आमचा बोलनारा ओमप्रकाश, त्याचा आवाज म्हनजे लाउडस्पीकर झक मारते. तो सुरू झाला, "ढेमसं ढेमसं ढेमसं, ताजं तेल्हाऱ्याचं ढेमसं, एक्कावन्न कॅरेट एकसाथ, बोला शेठ, बोला भाऊ..." अन् मले ते अंगाईसारकं लागून राहिलं. तिथं पाहाटेची गार हवा होती, तुमाले सांगतो, ना सोळा ना अठ्ठावीस, अशी मस्त हवा का माहे डोळे मिटले. अन् मुंडी पडली.

ओमप्रकाश म्हने, "देवमनभाऊ बोलले!" मुंडी वर आली, पुन्हा पडली. "देवमनभाऊ वाढले!" पुन्हा वर आली, पुन्हा पडली. "देवमनभाऊ अजून वाढले! वा, आज तं जोरात हायत. एक वार, दोन वार, तीन वार!"

समोर दुसरा कोनी बोलतच नव्हता! तीन खेपा म्या माहीच बोली कापली. झोपेत! अन् एकानं उठवलं नाई मले. उठवलं ते हमालानं, म्हने, "भाऊ, ढेमसं कुठं टाकू?"

एक्कावन्न कॅरेट ढेमसं. आता तुमी सांगा, ढेमसं कोन खाते? ढेमसं ही काई आवडीची भाजी हाये? ज्या दिवशी घरात काईच नसते त्या दिवशी मानूस ढेमसं खाते, अन् तवा बी बायकोकडं रागानं पाहून खाते. गाडेवाल्याइले देल्लं, नातेवाइकाइले देल्लं, मानिकबाईले विरजनाच्या बदल्यात देल्लं, तरी नऊ कॅरेट उरलं. शालूनं काय केलं? नुसतं रांधलं. पयल्या दिवशी सुकं ढेमसं. दुसऱ्या दिवशी रश्याचं. मंग भरलेलं. मंग ढेमश्याचे भजे. पाचव्या दिवशी ताटात ढेमश्याची कोशिंबीर पाहून मी उठलो अन् म्हटलं, "हे सारं तुह्यामुळं झालं."

बस. मंग जे झालं, ते साऱ्या जठारपेठेनं ऐकलं. ती म्हने, "झोपेत मुंडी तुमी हालवली, अन् माह्यामुळं?" म्या म्हटलं, "मले झोपू कोन देत नाई?" ती म्हने, "सोळात मुडदे ठेवतेत, मानसं नाई!" म्या म्हटलं, "अठ्ठावीसात केळं पिकवतेत, मानसं नाई! जातो मी, हॉलमध्ये जातो, माळ्यावरचा कूलर काढतो, तू झोप तुह्या अठ्ठावीससंगं." ती म्हने, "तुमी कायले जाता? मीच जाते मोर्शीले. तुमी राहा तुमच्या सोळासंगं. कायमचे राहा."

आता मोर्शीले जाते हे तिनं आधी बी म्हटलं होतं, एकवीस वर्सात दहा-बारा खेपा. दर खेपेले ती बॅग काढे, अन् बॅग काढली का मी निवांत राहो, काहून का बॅग भराले दोन घंटे लागतेत अन् दोन घंट्यात राग उतरते. पन या खेपेले तिनं बॅग नाई काढली. फोन काढला. अन् बापाले म्हने, "बाबा, तुमी या. मले याइच्यासंगं राहाचं नाई." बारीक आवाजात म्हटलं, रडत नव्हती, ओरडत नव्हती. अन् मी तिथंच भिंतीले टेकून खाली बसलो. भेव वाटलं मले. खरं सांगतो, लाज कायची. मले झोप पायजे होती, बाकी काई नको होतं, पन बाकी काई नको म्हनजे बायको बी नको, असं कुठं म्हटलं होतं म्या?

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता किसनराव आले. वय चौऱ्याहत्तर. मोर्शीवरून अमरावती, अमरावतीवरून अकोला, उन्हातान्हात एसटीनं, डोक्याले दुपट्टा गुंडाळलेला अन् लू लागू नाई म्हनून खिशात कांदा. पानी पेले, पाय धुतले, सरळ आमच्या खोलीत आले अन् पलंगावर मधोमध बसले. एका बाजूले मी, दुसऱ्या बाजूले शालू. आता सासऱ्यानं कसं विचाराव? जावईबापू, काय झालं, पोरीले काहून त्रास देता, असं. तं बुडा म्हने, "हं, काय भाव सुरू हाये?"

म्या म्हटलं, "मामाजी, सोळा."

शालू म्हने, "अठ्ठावीस."

म्हने, "हे झाले बोलाचे भाव. आता घ्याचे भाव सांगा."

ना मी बोललो, ना ती. कोन बोलन? जो पयले बोलला तो मेला, हे तं बजारातल्या शेंबड्या पोराले बी समजते. बुड्यानं दोघाइच्या तोंडाकडं आळीपाळीनं पाह्यलं. मंग म्हने, "नाई बोलत? बरं." अन् डोक्यावरचा दुपट्टा सोडला अन् आपल्या उजव्या हातावर टाकला.

आता हे तुमाले समजावून सांगा लागते. पयले बगीच्याचा सौदा दुपट्ट्याखाली होये. मालक अन् व्यापारी तोंडानं कितीबी भांडले, शिव्या देल्ल्या, उठून गेले, तरी शेवटी एक मधला मानूस हातावर दुपट्टा टाके अन् दोघाइले एक-एक करून म्हने, टाक हात. तुमी दुपट्ट्याखाली त्याचे बोटं दाबाचे. जेवढे बोटं दाबले तेवढा भाव. पयले दहाचे, मंग सुटे. दुसऱ्याले काई दिसत नाई. अन् कायदा एकच, दुपट्ट्याखाली खोटं चालत नाई. तोंडानं हजार डाव खोटं बोला, ते धंदा हाये, पन दुपट्ट्याखाली जो खोटं बोट दाबन त्याच्यासंगं पुन्हा कोनी सौदा करत नाई. आजकाल बंद झालं ते सारं. पन किसनरावनं आयुष्यभर तेच केलं. म्हने, "टाका जावईबापू."

म्या दुपट्ट्याखाली हात घातला. पयले खोटं दाबाव वाटलं, देवाशपथ वाटलं. पन बुड्याचा हात असा खरखरीत, गरम, अन् डोळे माह्यावर. नाई जमलं. म्या दोन बोटं दाबले. म्हटलं, "हे दहाचे." मंग चार दाबले. म्हटलं, "हे सुटे." बुड्याच्या तोंडावर काईच नाई. म्हने, "शालू, टाक." शालूनं पदर सावरला, हात घातला. काय दाबलं ते मले दिसलं नाई. मंग काढून घेतला.

बुडा म्हने, "पुन्हा टाक." तिनं पुन्हा टाकला. म्हने, "जावईबापू, तुमी पुन्हा टाका." म्या पुन्हा टाकला. मंग बुड्यानं दुपट्टा उचलला, तोंडावरचा घाम पुसला, अन् जो कडाडला, "लाज हाये काय तुमाले? दोघाइचा भाव एकच हाये! चोवीस! एका चोवीससाठी मले बुड्याले मोर्शीवरून उन्हात आनलं?"

मी शालूकडं पाह्यलं. शालूनं माह्याकडं पाह्यलं. म्या म्हटलं, "तुले चोवीस पायजे होतं?"

म्हने, "गोधडी घेऊन चोवीसच बरं वाटते. तुमाले?"

"मले बी बनियानवर चोवीसच बरं वाटते. सोळात मेलो असतो वं मी."

"मंग सोळा काहून म्हटलं?"

"अवं, मी बजारातला मानूस. कोनी किती म्हटलं का माह्या तोंडातून कमीच निघते. वीस वर्सांची सवय हाये ती. मले वाटलं तू वरून खाली येशीन, मी खालून वर येईन. तू अठ्ठावीस काहून म्हटलं?"

म्हने, "तुमी सोळा म्हटलं म्हनून. सोळावाल्याले चोवीस सांगितलं असतं तं तुमी मले वीसवर आनलं असतं. मी काय ओळखत नाई तुमाले?"

"मंग खाली काहून नाई आली?"

"तुमी वर काहून नाई आले?"

"तू हालली नाई!"

"तुमी हालले नाई!"

बुडा म्हने, "बाहेर व्हा दोघं." खरंच म्हने. माह्याच घरात, माह्याच खोलीतून मले बाहेर काढलं. रिमोट घेतला, चोवीस केलं, पाय पसरले, अन् दोन मिन्टात जो घोरला राजेहो. महिनाभर आमी ज्याच्यासाठी जीव देऊन राहिलो, ती झोप बुड्याले दोन मिन्टात! अन् आमी नवराबायको हॉलमध्ये, सेहेचाळीसात, पंख्याखाली, सोफ्याच्या दोन टोकाले. शालू हासली. मले बी हासू आलं, पन म्या दाखवलं नाई. म्या म्हटलं, "मोर्शीले जाशीन काय?" म्हने, "आता भाव जमला तं कायले जाऊ?" बरं वाटलं मले. लय बरं वाटलं, कोनाले सांगू नका.

आता तुमी म्हनान, चला, मिटलं. देवमनभाऊ, झोपा आता खुशाल. हेच म्हनान ना? मले बी हेच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सासरे मोर्शीले गेले, मी अकराले घरी आलो, आंघोळ केली, भाकर खाल्ली, बारा वाजता खोलीत गेलो. चोवीस. परदा ओढलेला. मी बनियानवर, ती गोधडीत. ना दात वाजत, ना घाम. हवा अशी का पाहाटेची. तिचे पाय बी गरम, तिचे तिच्याजवळ. सारं सारं जसं पायजे तसं. अन् झोप? झोप नाई! साडेबारा झाले, एक झाला, मी छताकडं पाहून राहिलो. दीड झाला. काहून येत नाई झोप? तं डोक्यात एकच गोठ फिरून राहिली. बजारात वीस वर्सं काढलेला मानूस मी, मले हे माहीत हाये, का मांगितल्या भावात माल हातात आला का समजाव, आपुन फसलो. एका झटक्यात मानली कशी ही? ज्या बाईनं महिनाभर एक आकडा सोडला नाई, ती येवढी गुमान झोपून कशी राहिली?

दोन वाजता म्या कुशी बदलली. तं तिचे बी डोळे उघडे. छताकडं. म्या हळूच म्हटलं, "झोपली नाई वं?"

म्हने, "नाई."

"थंडी वाजते?"

"नाई. मस्त हाये."

"मंग?"

मंग गोधडीतून तोंड बाहेर काढून म्हने, "काई नाई... अवो, खरं सांगा, पंचवीसले सुटलं असतं काय?"

आता मी तिले काय सांगू? मी तं दीड घंट्यापासून तेवीसचा हिसाब लावून राहिलो होतो.